ब्राझीलचा ऊस आणि जगाचं तेल

१० नोव्हेंबर १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका ठरावावर मतदान झालं. झायोनिझम हा वंशवादाचाच एक प्रकार आहे, असं म्हणणारा तो ठराव अरब देशांनी लावून धरला होता. अमेरिका आणि पश्चिम युरोपातले बहुतेक देश विरोधात गेले. ब्राझील मात्र ठरावाच्या बाजूने उभा राहिला. तिथे तेव्हा लष्कराची राजवट होती, साम्यवादाची कट्टर वैरी आणि वॉशिंग्टनच्या गोटातली. चारच दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्ष जनरल एर्नेस्तो गायझेल यांनी एक हुकूम काढला. उसापासून अल्कोहोल काढायचं आणि त्यावर देशातल्या मोटारी चालवायच्या, अशी ती सरकारी योजना होती. तिचं नाव ‘प्रोआल्कूल’.

मतदान परराष्ट्र धोरणातलं, हुकूम शेतीतला. दोन्हींमागचं कारण एकच होतं, ते म्हणजे तेलाचं बिल.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला, अरब देशांनी तेलाचं हत्यार उपसलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरपर्यंत गेला. ब्राझील तेव्हा लागणाऱ्या तेलापैकी जवळपास ८० टक्के तेल बाहेरून आणत होता. त्याआधीची पाच-सहा वर्षं देशाची अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढत होती. ‘ब्राझीलचा चमत्कार’ म्हणून जगभर तिचं कौतुक चाललं होतं. जनरल मंडळींची सारी प्रतिष्ठा या वाढीवर उभी होती. राष्ट्राध्यक्षपदाची थेट निवडणूक नाही, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, तुरुंगात छळ. या सगळ्याच्या बदल्यात लोकांना दाखवायला मोटारी, रस्ते आणि नोकऱ्या होत्या. आयात तेलाचा खर्च १९७३ मध्ये साठ कोटी डॉलरच्या घरात होता. पुढच्याच वर्षी तो दोन अब्जांपलीकडे गेला आणि दाखवण्यासारखं तेवढंच जे होतं, तेही हातचं जाण्याची वेळ आली.

गायझेल मार्च १९७४ मध्ये सत्तेवर आले. जर्मन स्थलांतरिताचा हा मुलगा, शिस्तीचा आणि अबोल. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ते पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते. तेलाचं अर्थकारण त्यांना मंत्र्यांकडून समजून घ्यावं लागलं नाही. म्हणूनच १९७५ हे त्यांचं वर्ष बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्या एका वर्षात त्यांनी मिळेल त्या दिशेला हात घातला. जूनमध्ये पश्चिम जर्मनीशी अणुकरार केला; आठ अणुभट्ट्या उभारण्याचं ठरलं आणि अमेरिका चिडली. ऑक्टोबरमध्ये परदेशी कंपन्यांना ब्राझीलच्या भूमीत तेल शोधायची मुभा दिली. ‘तेल आमचं आहे’ ही घोषणा देत ज्या देशाने १९५३ साली पेट्रोब्रास उभी केली होती, त्या देशात हे जवळजवळ पाप होतं. नोव्हेंबरात अरबांच्या बाजूने मत दिलं आणि त्याच आठवड्यात उसाचा हुकूम काढला. त्या आठ अणुभट्ट्यांपैकी आजवर एकच वीज देते आहे, तीही २००० सालानंतर. उसाने मात्र देशाचं रूप पालटलं.

कल्पना नवी नव्हती. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी ऊस लावला; आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर तो पिकला. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, पण ऊस आणि उसाचे जमीनदार राहिले. विसाव्या शतकात त्यांना भेडसावणारा प्रश्न एकच होता: साखर जास्त होते, भाव पडतो, मग उरलेल्या उसाचं करायचं काय? १९२५ साली रिओत सरकारी प्रयोगशाळेने अल्कोहोलवर चालणारी फोर्ड मोटार शर्यतीत पळवून दाखवली. १९२७ मध्ये अलागोआस प्रांतातल्या सेरा ग्रांदी साखर कारखान्याने अल्कोहोलचं स्वतःचं इंधन विकायला काढलं. १९३१ मध्ये तेव्हाचे सत्ताधारी जेतुलियो वार्गास यांनी आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळण्याची सक्ती केली आणि दोन वर्षांनी साखर व अल्कोहोल यांच्यासाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन केली. किती ऊस गाळायचा, किती साखर करायची, कोणाला कोटा द्यायचा, हे ती संस्था ठरवू लागली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्राझीलची जहाजं बुडवली, तेव्हा पेट्रोलचे वांधे झाले आणि पुन्हा अल्कोहोलची आठवण झाली. युद्ध संपलं, स्वस्त तेल आलं आणि ती आठवण पुसली गेली.

यातला एक धागा फार महत्त्वाचा आहे. अल्कोहोल नेहमी दोन टोकांच्या गरजेतून पुढे आलं: एकीकडे तेल महाग किंवा दुर्मीळ, दुसरीकडे साखर कवडीमोल. १९७५ मध्ये ही दोन्ही टोकं एकाच वेळी जुळली. नोव्हेंबर १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखरेने पौंडाला ६५ सेंटचा उच्चांक गाठला होता. तो भाव बघून ब्राझीलच्या कारखानदारांनी कर्जं काढून गाळप क्षमता वाढवली. वर्षभरात भाव १५ सेंटच्या खाली घसरला. यंत्रं नवी, कर्ज ताजं आणि साखरेला गिऱ्हाईक नाही. कारखानदारांची शिष्टमंडळं ब्राझीलियाच्या वाऱ्या करू लागली. गायझेल यांच्या सहीमागे राष्ट्रहिताचा विचार होता, यात शंका नाही. पण साखरसम्राटांची सुटकाही त्याच सहीने झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या योजना बहुधा अशाच जन्माला येतात आणि त्यांचं पुढचं वागणं या जन्मखुणांवरूनच समजतं.

साओ पाउलोजवळ साओ जोझे दोस कांपोस इथे हवाई दलाचं तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ नावाचे अभियंते अल्कोहोलवर इंजिन चालवण्याच्या मागे लागले होते. १९७५ मध्ये गायझेल यांनी त्या केंद्राला भेट दिली आणि स्टुम्फ यांनी त्यांना हे इंजिन समजावून सांगितलं. अडचणी खऱ्या होत्या. अल्कोहोलमध्ये पेट्रोलच्या मानाने दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते. ते धातू खातं. कार्बोरेटर, टाकी, नळ्या गंजतात. थंडीत त्याची वाफ होत नाही, त्यामुळे सकाळी गाडी सुरूच होत नाही. पण त्याचा एक मोठा गुणही आहे: इंजिनात जास्त दाब दिला तरी ते ठोका देत नाही. दाब वाढवला की ऊर्जेची काही तूट भरून निघते. १९७६ मध्ये स्टुम्फ यांच्या गाड्यांनी, त्यात एक डॉज, एक फोक्सवॅगन बीटल आणि एक देशी गुर्गेल, आठ हजार किलोमीटरची देशफेरी केली. लोकांच्या डोळ्यांदेखत अल्कोहोलवर गाड्या धावल्या.

पहिली चार वर्षं तरी योजनेचा भर मिश्रणावर होता. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत निर्जल अल्कोहोल मिसळलं की झालं. मग १९७९ मध्ये इराणचा शाह गेला, आयातुल्ला खोमेनी आले आणि तेलाने दुसरी उडी घेतली. गायझेल पायउतार झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या जनरल फिगेरेदो यांनी मोटार कंपन्यांशी करार केला. आता निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या बनवायच्या होत्या. जुलै १९७९ मध्ये फियाट १४७ ही पहिली अशी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या धुराला उसाच्या दारूचा, काशासाचा वास येई, म्हणून लोकांनी तिला ‘काशासिन्या’ असं लाडाचं नाव दिलं. बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असे; थंड सकाळी तिच्यातलं थोडं पेट्रोल सोडून इंजिन चालू करायचं आणि मग अल्कोहोलवर पळवायचं.

सरकारने लोकांना ओढण्यासाठी हात सैल सोडला. अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ६५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं बांधून दिलं. गाडीवरचा कर कमी केला. डिस्टिलरी उभारणाऱ्यांना कर्ज इतक्या कमी व्याजाने दिलं की चलनवाढ धरता ते जवळजवळ अनुदानच होतं. पेट्रोब्रासला अल्कोहोल उचलणं आणि पंपापर्यंत पोचवणं भाग होतं. १९८५ पर्यंत वर्षाला १०.७ अब्ज लिटरचं उद्दिष्ट होतं. ते पार झालं. १९८५-८६ मध्ये ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊहून अधिक मोटारी अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. कुठल्याही देशाने इतक्या कमी वर्षांत मोटारींचं इंधन बदललेलं नव्हतं.

त्याच वर्षांत दुसरीकडे तेलाचं राजकारण जोरात चालू होतं आणि ते या कथेपासून वेगळं काढता येत नाही. १९७० च्या दशकात पेट्रोब्रासच्या परदेशी शाखेने इराकमध्ये मजनून हे प्रचंड तेलक्षेत्र शोधलं होतं. बगदादने ते नंतर परत ताब्यात घेतलं. ब्राझील इराकचं तेल घेत राहिला आणि मोबदल्यात देता येईल ते दिलं: रेल्वेमार्ग बांधून दिला, शस्त्रं विकली, मोटारी पाठवल्या. साओ पाउलोच्या कारखान्यात बनलेल्या दीड लाखाहून अधिक फोक्सवॅगन पसाट गाड्या १९८० च्या दशकात तेलाच्या बदल्यात इराकला गेल्या. देशातल्या गाड्या उसावर चालत होत्या आणि देशात बनलेल्या गाड्या सद्दाम हुसेनच्या तेलाची किंमत चुकवत होत्या. पर्याय शोधणाऱ्या देशालाही तेलापासून सुटका नव्हती, कारण ट्रक, बस आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालत होते आणि डिझेल उसापासून निघत नव्हतं.

आता शेताकडे वळायला हवं. या इतिहासाचं सर्वांत झाकलेलं पान तिथे आहे. साओ पाउलो प्रांतात माळामागून माळ उसाखाली गेले. तोडणीआधी फड पेटवायचा, पाचट जाळायचं आणि मग काजळीत उभं राहून ऊस तोडायचा. तोडणारे मजूर पहाटे ट्रकमधून येत आणि डब्यातलं गार झालेलं अन्न फडातच खात. ‘बोया-फ्रिया’ हे त्यांचं नाव त्या गार अन्नावरून पडलं. मजुरी तोडलेल्या उसावर. मे १९८४ मध्ये ग्वारिबा या छोट्या गावात त्यांचा संयम सुटला. कारखानदारांनी एका मजुराला पाचऐवजी सात ओळी तोडायला लावल्या होत्या. चालणं वाढलं, कष्ट वाढले, हातात पडणारे पैसे घटले. त्यातच पाण्याची बिलं फुगली. मजुरांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर हल्ला केला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, एक जण ठार झाला. संप पसरला आणि कारखानदारांना पाच ओळींवर परत यावं लागलं. ज्या इंधनाने देशाचं परकीय चलन वाचवलं, त्याचा हिशेब या माणसांपर्यंत पोचायला एक संप आणि एक मृत्यू लागला.

पाण्याचं नुकसानही मोठं होतं. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर गढूळ, आम्लयुक्त सांडपाणी निघतं. मराठवाडा किंवा पश्चिम महाराष्ट्रात डिस्टिलरीजवळ राहणाऱ्या कोणालाही त्याचा रंग आणि वास सांगायला नको. सुरुवातीची वर्षं ब्राझीलने ते नद्यांत सोडलं आणि मासे मेले. पुढे कायदे आले आणि तेच पाणी उसाच्या शेतात खत म्हणून द्यायची पद्धत रुजली. पालाशाने भरलेलं ते पाणी प्रमाणात दिलं तर उपयोगी पडतं, अति दिलं तर जमीन आणि भूजल बिघडवतं.

मग १९८६ आलं. सौदी अरेबियाने तेलाचा पुरवठा वाढवला आणि भाव निम्म्याहून खाली कोसळला. त्याआधीच्या वर्षी ब्राझीलमध्ये लष्करी राजवट संपली होती. नव्या नागरी सरकारच्या तिजोरीत परदेशी कर्ज आणि चलनवाढ यांखेरीज फारसं काही नव्हतं. अल्कोहोलवरचं अनुदान परवडेना. सरकारने कारखानदारांना मिळणारा भाव आवळला. त्याच सुमारास जगात साखर महागली. कारखानदारांनी करायचं तेच केलं: उसाचा रस डिस्टिलरीऐवजी साखरेकडे वळवला. १९८९ मध्ये पंपांवर अल्कोहोल संपलं. लाखो लोकांच्या दारात अल्कोहोलशिवाय कशावरही न चालणारी गाडी उभी होती आणि पंपासमोर तासन् तास रांगा. सरकारने परदेशातून अल्कोहोल आणलं, मिथेनॉल आणलं, ६० टक्के इथेनॉल, ३३ टक्के मिथेनॉल आणि ७ टक्के पेट्रोल असं मिश्रण करून वेळ भागवली. साखर आणि अल्कोहोल यांची सरकारी संस्था १९९० मध्ये बंद झाली. दशक संपता संपता नव्या गाड्यांत अल्कोहोलच्या गाड्यांचा वाटा एक टक्क्याच्याही खाली होता.

या पडझडीचा दोष अनेकदा स्वस्त तेलाला दिला जातो. ते अर्धंच खरं आहे. गाडीवाल्याला दगा दिला तो भाव ठरवण्याच्या पद्धतीने. तेलाचा भाव रियाधमध्ये ठरे, साखरेचा लंडन-न्यूयॉर्कमध्ये, अल्कोहोलचा ब्राझीलियात. आणि ज्याने सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी घेतली होती, त्याच्या हाती काहीच नव्हतं.

मार्च २००३ मध्ये आलेल्या एका गाडीने नेमकं हेच बदललं. फोक्सवॅगन गोल ‘टोटल फ्लेक्स’ मध्ये पेट्रोल भरा, अल्कोहोल भरा, कोणत्याही प्रमाणात दोन्ही मिसळा. धुरातला प्राणवायू मोजून इंजिनाचं संगणकीय नियंत्रण स्वतःच इंधन आणि ठिणगी जुळवून घेई. आता निर्णय पंपावर उभ्या असलेल्या माणसाचा होता. अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल, हा हिशेब ब्राझीलमध्ये घराघरांत गेला. तीन वर्षांत नव्या गाड्यांपैकी पाचातल्या चार फ्लेक्स होत्या. तीस वर्षांचे हुकूम, अनुदानं आणि उद्दिष्टं यांना जे टिकवता आलं नाही, ते ग्राहकाला मिळालेल्या निवडीने टिकवलं.

यानंतर ऊस पुन्हा जागतिक राजकारणात आला. जानेवारी २००६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकेला तेलाचं व्यसन जडल्याचं आपल्याच संसदेत सांगितलं. मार्च २००७ मध्ये ते साओ पाउलोला आले आणि ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्याबरोबर जैवइंधनाचा करार केला. त्याच दिवशी शेजारच्या ब्युनोस आयर्समध्ये ह्युगो चावेस यांनी बुशविरोधी मोठी सभा घेतली. व्हेनेझुएलाचं तेल हे चावेस यांचं बळ होतं. काही आठवड्यांतच हवानात आजारपणातून सावरणाऱ्या फिडेल कास्त्रो यांनी लेख लिहून अन्नाचं इंधन करण्याच्या कल्पनेवर टीका केली; गरिबांच्या तोंडचा घास मोटारींच्या टाकीत जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. लुला कास्त्रोंचे जुने मित्र, पण इथे त्यांनी माघार घेतली नाही. २००८ मध्ये रोमच्या अन्न परिषदेत त्यांनी सुनावलं की जैवइंधनाकडे रोखलेली अनेक बोटं तेल आणि कोळशाने माखलेली आहेत. अमेरिकेने मात्र करारानंतरही ब्राझीलच्या इथेनॉलवरचा गॅलनमागे ५४ सेंटचा कर २०११ संपेपर्यंत चालूच ठेवला. आयोवाच्या मका शेतकऱ्यांची मतं वॉशिंग्टनला लुलांच्या मैत्रीपेक्षा जवळची होती.

कास्त्रोंचा आक्षेप मक्याच्या बाबतीत बराच लागू पडतो, ब्राझीलच्या उसाच्या बाबतीत कमी. पण त्यांचं बोट खऱ्या जागेवर होतं. शेतजमीन कोणाच्या पोटासाठी आणि कोणाच्या गाडीसाठी, हा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो.

आणि तेल? ते ब्राझीलला समुद्रात सापडलं. २००६ मध्ये देश तेलात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर करताना लुलांनी वार्गास यांच्या जुन्या छायाचित्राची आठवण करून देत तेलाने माखलेले हात उंचावले. पाठोपाठ मिठाच्या थराखालचे प्रचंड साठे हाती लागले. २०११ ते २०१४ या काळात चलनवाढ रोखण्यासाठी दिल्मा रुसेफ सरकारने पेट्रोलचा भाव दाबून धरला, तेव्हा त्याचा पहिला मार उसाला बसला आणि डझनावारी कारखाने बंद पडले. आज ब्राझील कच्चं तेल निर्यात करतो आणि त्याच वेळी ऑगस्ट २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल मिसळतो.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध नुसत्या उसापुरता नाही. भारतात इथेनॉल मिश्रणाचे पहिले चाचणी प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यातले दोन मिरज आणि मनमाड इथे होते. तेव्हा पेट्रोलियम मंत्री होते मुंबईचे राम नाईक. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० च्या वेळी मोदी, लुला आणि बायडेन यांनी एकत्र उभं राहून जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा केली. तीनच महिन्यांनी, ७ डिसेंबरला, पाऊस कमी झाल्याने साखर महागेल या भीतीपोटी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभराने ती काहीशी सैल केली. ज्या कारखान्यांनी इथेनॉलसाठी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या होत्या, त्यांचा हंगाम कोलमडला. १९८९ चा ब्राझील ज्यांना माहीत होता, त्यांना याचं नवल वाटलं नसेल. तिथे साखरेच्या भावाने रस पळवला, इथे साखरेच्या भीतीने.

ब्राझीलने चुका करत करत दोन गोष्टी दुरुस्त केल्या. गाडीवाल्याला निवड दिली. आणि साओ पाउलोत २००२ च्या कायद्याने फड जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करत तोडणी यंत्रावर नेली. त्या यंत्रांनी हजारोंची मजुरी हिरावली, हेही खरं. आपल्याकडे पंपावर येतं ते ठरलेलं मिश्रण, गाडी जुनी असो की नवी. आणि फडात अजून कोयता आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. हंगामात खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. साखर पट्ट्यातले अनेक वाचक कारखान्याचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत अहवालात इथेनॉलचे लिटर आणि मिळालेला भाव वाचून दाखवला जाईल, तेव्हा त्यांनी उठून विचारावं: त्याच पानावर तोडणीचा दर, टोळीला दिलेली उचल आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्याची विल्हेवाट यांचे आकडे का नाहीत?